आता तुम्ही म्हणा

१

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की या घरात माझ्याशी बोलायचं ते मराठीत आणि माझ्याबद्दल बोलायचं ते कन्नडमध्ये. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. सासूबाईंचं नाव गंगम्मा, पण सगळे त्यांना अव्वा म्हणत. अव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून नंदीशशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, काहीतरी बोलायच्या. मध्येच त्यात माझं नाव यायचं, शिवप्रिया, आणि मग दोघं एकदम माझ्याकडं बघायचे. मी हसायचे. काय बोलले ते कळलं नाही की माणूस उगीच हसतो.

माझं माहेर ईट. आम्हीही लिंगायतच, पण भूमकडचे, घरात पहिल्यापासून मराठी. सासर उमरग्याचं, कर्नाटकाच्या सीमेलगतचं; तिथं बहुतेक माणसं दोन्ही भाषा बोलतात. बाजारात मराठी, चुलीपाशी कन्नड. पस्तिशी उलटल्यावर माझं लग्न जमलं, तेव्हा भाषेचं कुणी काढलंच नाही. नंदीशचं हे दुसरं लग्न. पहिली नांदली नाही, माहेरी निघून गेली, सोडचिठ्ठी झाली, एवढंच बैठकीत सांगितलं होतं. तुझ्या वयाच्या मुलीनं याच्यापेक्षा जास्त विचारू नये, असं माझ्या वहिनीचं मत होतं. मी विचारलं नाही.

एकदा जेवताना मी नंदीशला म्हटलं, "मला कन्नड शिकायचंय."

त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. जेवण झाल्यावर तो माडीवर गेला आणि एक डबी घेऊन आला. वरचं चित्र उन्हानं उडून गेलं होतं, पण 'मराठीतून कन्नड' हे शब्द वाचता येत होते. आत चार सीडी.

"पाठ कर. अव्वाला बरं वाटंल."

"मोबाइलवर असतं की हल्ली शिकायला."

"ते बंगळुरूचं कन्नड. आपल्या घरात तसं कुणी बोलत न्हाय. हा मास्तर आपल्याच भागातला हाय."

सीडी लावायला घरात एकच जागा होती, माडीवरच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. नंदीशचं पाइप आणि मोटारींचं दुकान होतं, तिथली बिलं पूर्वी त्याच्यावर व्हायची. डबा पिवळा पडला होता, मॉनिटर केव्हाच बिघडला होता. तरी डबा चालू केला की सीडीच्या ड्राइव्हला वीज मिळायची. ड्राइव्हच्या तोंडावरच आवाज सुरू करायचं एक बारीक बटण होतं आणि शेजारी हेडफोनचं भोक. जुन्या ड्राइव्हना असायचं तसं. पडदा लागत नव्हता, माउस लागत नव्हता. ट्रे मात्र सहज बाहेर यायचा नाही. टाचणी खुपसून ओढावा लागायचा.

खोलीला गच्चीकडं उघडणारं एकच दार, आणि खाली अंगणात बघणारी गजांची खिडकी. गच्चीवर वानरं यायची, घुसली की गाद्यासुद्धा फाडायची. म्हणून दाराला बाहेरून कडी होती, आणि खाली उतरताना कडी घालायची हा घरातला नियम होता. अव्वा तर दार लोटलेलं दिसलं की सवयीनंच कडी घालायच्या.

२

दुपारी भांडी आवरून, अव्वा आडव्या झाल्या की मी वर जायचे. वानरांसाठी दार आतून लोटून घ्यायचे आणि हेडफोन कानाला लावायचे. ड्राइव्ह आधी खरखरायचा, मग घुमत घुमत वेग धरायचा आणि मास्तरांचा आवाज यायचा. म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस होता. आधी वाक्य मराठीत सांगायचा, मग कन्नडमध्ये दोनदा. मग म्हणायचा, "आता तुम्ही म्हणा." त्यानंतर आपण म्हणायसाठी थोडी जागा मोकळी सोडलेली.

पाणी द्या. नीरु कोड्री. नीरु कोड्री. आता तुम्ही म्हणा.

त्या मोकळ्या जागेत एक मुलगी म्हणायची. "नीरु कोड्री."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. शिकवायच्या सीडीत असं कुणीतरी असतंच, ऐकणाऱ्याला धीर यावा म्हणून. आवाज लांबून यायचा, जरा घाबरल्यासारखा. तिचे उच्चार माझ्याइतकेच वाईट होते. 'कोड्री' म्हणताना ती अडखळायची, तिथंच मी अडखळायचे. कधी तिचं चुकायचं आणि ती पुटपुटायची, "आसं न्हाय, आसं न्हाय," आणि परत म्हणायची. ती बोलायची ढब थेट आमच्या भूमकडची होती. ऐकून मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी तोच पाठ पुन्हा लावला.

खरं सांगायचं तर त्या घरात माझ्या बाजूचं असं कुणी असेल तर तीच होती. आम्ही दोघी बरोबर म्हणायचो. बागला तगीरि, दार उघडा. ऊरिगे होगबेकु, गावाला जायचंय. अव्वांच्या बोलण्यातले शब्द मला सुटे सुटे कळायला लागले. ते कळले नसते तरी चाललं असतं. माझ्या हाताला चव नाही, माझं वय झालंय, आता मूल व्हायचं नाही, असलंच सगळं होतं.

मग एका दुपारी, तिनं वाक्य म्हणून संपवलं आणि मागं मला पिठाची गिरणी ऐकू आली. पट्ट्याचा तो एकसारखा फटफट आवाज. मी हेडफोन काढला. खोलीत शांतता, गल्लीत शांतता. परत लावला. मास्तर बोलत होते तोवर गिरणी नव्हती. ते थांबले, मोकळी जागा आली, की गिरणी सुरू.

मास्तरांचा आवाज एका खोलीतला होता आणि तिचा दुसऱ्या खोलीतला.

३

सीडी मी उन्हात धरून बघितली. घरी भरलेल्या सीडीची मागची बाजू हिरवट-निळी असते. ही कारखान्यात छापलेली, चांदीसारखी स्वच्छ होती. हिच्यावर नंतर कुणालाही काही भरता येत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. मग मी मनाशी म्हटलं, जिथं ही तयार केली तिथं शेजारी गिरणी असेल. मुलीचं बोलणं वेगळं भरून घेतलं असेल. सगळं पटण्यासारखं होतं. तरी संध्याकाळी नंदीश दुकानातून आल्यावर मी विचारलं.

"सीडीत ती मुलगी कोण आहे?"

"कुठली मुलगी?"

"मास्तरांच्या मागनं म्हणते ती."

तो चहा पीत होता. कप खाली ठेवला. "त्यात बाई कुठाय? मास्तर एकटाच हाय."

"ऐकून बघा की."

तो वर आला. मी बटण दाबलं आणि हेडफोन त्याच्या हातात दिला. तो उभ्यानंच ऐकत होता. मास्तर काय म्हणतात ते मला ऐकू येत नव्हतं, पण मोकळी जागा केव्हा आली ते त्याच्या तोंडावर कळलं. त्यानं हेडफोन काढला, अगदी हळू, आणि कानाला लागायचा तो भाग सदऱ्याला पुसला. दोन्ही बाजू पुसल्या.

"काय न्हाय," तो म्हणाला. "मधी रिकामंच हाय."

"गिरणीचा आवाज?"

"खाली चल. अव्वा एकटी हाय."

जिना उतरताना तो माझ्या मागं होता. कडी त्यानं घातली, आणि नीट बसली का ते ओढून बघितलं.

४

शेजारी धुरपताबाई राहायच्या. म्हाताऱ्या, एकट्या, कन्नडचं अक्षर न येणाऱ्या. त्यामुळं आमचं जमायचं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही फोडू लागले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथं कुठं गिरणी आहे का हो?"

"व्हती की. आमचीच. ह्या भिंतीपल्याड. मालक गेले तवा बंद केली, त्याला लई वर्षं झाली."

भिंतीपल्याड म्हणजे आमच्या माडीला अगदी लागून.

मी शेंगा फोडत राहिले. मग विचारलं, "यांची पहिली बायको तुमची गिरणी चालू होती तेव्हाचीच ना?"

"उमादेवी. व्हय." त्यांनी इकडं तिकडं बघितलं नाही की आवाज बारीक केला नाही. "गरीब पोरगी. भूमची. कन्नड येत नव्हतं तिला बी. नंदीशनं तिला शिकायला लावलं व्हतं, वर बसून. दुपारभर म्हणायची, आमच्या गिरणीतबी ऐकू यायचं. आमाला त्यातलं काय कळत नव्हतं. पर आवाज ग्वाड व्हता."

"माहेरी का गेली ती?"

"आसं म्हणत्यात. येष्टीनं गेली म्हणत्यात." त्यांनी टरफलं ओट्यावरून झाडली. "म्या जाताना बघितली न्हाय. आन मी तर दिवसभर दारातच असते."

५

त्यानंतर शहाण्या बाईनं वर जाऊ नये. मी गेले. का, ते मला नीट सांगता येत नाही. खाली अव्वा होत्या आणि वर ती होती, आणि दोघींपैकी मला भीती अव्वांची जास्त वाटायची, एवढं मात्र खरं.

पाठ भाजीबाजाराचा होता. वांगी कशी दिली, कोथिंबीर ताजी आहे का. मास्तरांनी वाक्य सांगितलं, "आता तुम्ही म्हणा," आणि ती म्हणाली, "बागला तगीरि."

मला वाटलं तिचं चुकलं. ती पुटपुटेल, परत म्हणेल. तिनं परत म्हटलंही, पण तेच. बागला तगीरि. पुढचं वाक्य कांद्याचं. त्यावर ती म्हणाली, "नीरु कोड्री."

मास्तर थंडपणे भाव विचारत राहिले आणि ती दार उघडा, पाणी द्या, गावाला जायचंय म्हणत राहिली. उच्चार सुधारले होते. कुठं अडखळत नव्हती. आवाज मात्र कोरडा पडला होता, घशाला घसा घासावा तसा. अधूनमधून ती थांबायची, ऐकत असल्यासारखी. आणि मग जे येतं तेवढंच, त्याच क्रमानं, पुन्हा.

मला तेव्हा एक गोष्ट कळली आणि ती कळल्यावर मी हेडफोन टेबलावर ठेवून दिला. मराठीत ओरडून कुणी आलं नसणार. म्हणून त्या बिचारीनं त्यांच्या भाषेत सांगून बघितलं असणार. आणि त्यांच्या भाषेतलं तिला येत होतं ते मास्तरांनी शिकवलेलं तेवढंच.

६

पंचमीला माहेरी गेले ती सीडी पिशवीत घालूनच. ईटला दादाकडं टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर आहे. दुपारी घरात कुणी नसताना लावली. मास्तर बोलले, आता तुम्ही म्हणा म्हणाले, आणि पुढं काही नाही. नुसती मोकळी जागा. भाजीबाजाराचा पाठ पूर्ण ऐकला. रिकामा. नंदीश खोटं बोलला नव्हता, निदान सीडीपुरतं. जे काही होतं ते त्या ड्राइव्हमध्ये होतं, किंवा त्या खोलीत, किंवा माझ्या डोक्यात.

भूमच्या बाजाराच्या दिवशी मी बांगड्यांचं निमित्त काढून गेले. उमादेवीचं माहेर शोधायला वेळ लागला नाही. तिच्या भावाचं, विरेशचं, भुसार मालाचं दुकान होतं. पोट सुटलेला, शांत बोलणारा माणूस. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"उमाताई आहेत का घरी? मला भेटायचं होतं."

तो बघतच राहिला. "घरी म्हणजे?"

"इकडं आल्या ना त्या. सोडचिठ्ठी झाल्यावर."

"सोडचिठ्ठी कसली, ताई?" तो म्हणाला. "तुमच्याकडनंच निरोप आला व्हता. कुणाबरूबर तरी निघून गेली म्हणून. कर्नाटकात कुठंतरी. तुमचे सासरे सोता आले व्हते सांगायला."

"मग तुम्ही शोधलं नाही?"

"कुठं शोधायचं? धाकटीचं लग्न ठरायचं व्हतं. बोभाटा झाला आस्ता तर तीबी घरात बसली आस्ती." गिऱ्हाईक आलं, त्यानं ज्वारी मापून दिली, परत माझ्याकडं वळला. "वडलांनी तिच्या नावानं आंघोळ केली. आमच्यापुरतं झालं ते."

मी त्याला सगळं सांगणार होते. सांगायचं काय, तर सीडीत तुमची बहीण बोलते. दुकानात माणसं होती. मी दुकानाच्या पाटीवरचा त्याचा नंबर मोबाइलमध्ये घेतला आणि उठले.

घरी दादाला मात्र सांगितलं. वहिनी दारात उभी होती. मी म्हटलं, मला तिकडं परत जायचं नाही.

दादानं आधी वहिनीकडं बघितलं. मग म्हणाला, "लोकांनी विचारलं तर काय सांगू? सीडीत बाई बोलती म्हणून नांदायचं सोडून आली?"

"त्यांनी दोन्हीकडं वेगळं वेगळं सांगितलंय, दादा."

"पळून गेलेल्या बाईबद्दल कुणी खरं सांगतं का? अब्रू राखायला म्हणाले आस्तील माहेरी गेली म्हणून. तुला मारत्यात का? उपाशी ठिवत्यात?"

"नाही."

"मग झालं तर," वहिनी म्हणाली.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी खरी दिली होती, त्यामुळं भांडायलाही काही उरलं नाही. दादानं मला एसटीत बसवून दिलं. खिडकीपाशी येऊन म्हणाला, सांभाळून राहा. चांगला आहे माझा भाऊ. पण त्याच्या घरात माझ्यासाठी जागा नव्हती, आणि ते तो प्रेमानं सांगत होता.

७

उमरग्याला आल्यावर काही दिवस मी वर फिरकले नाही. अव्वांच्या ते लक्षात आलं. "शिकायचं सोडलंस व्हय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जाते आज.

आभाळ भरून आलं होतं. दार लोटून घेतलं, डबा चालू केला, सीडी परत घातली. ड्राइव्ह घुमला. मास्तर आलेच नाहीत. सुरुवातीपासून तीच. आता म्हणत नव्हती, नुसता श्वास होता, आणि श्वासाच्या टोकाला कधीतरी एखादा शब्द. नीरु. मी डोळे मिटून ऐकत बसले. कुणीतरी ऐकायला पाहिजे होतं, म्हणून. दुसरं मी काय करू शकत होते?

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वीज गेली. डब्यातला पंखा थांबला, ड्राइव्ह हळूहळू फिरायचा थांबला. मी हात लावून बघितलं, आत काही हलत नव्हतं. हेडफोनमध्ये ती होती.

मी तो कानावरून काढून फेकला आणि दाराकडं गेले. दार उघडेना. बाहेरून कडी लागली होती.

घाबरायचं कारण नाही, मी स्वतःला बजावलं. पाऊस येणार म्हणून अव्वा कपडे काढायला वर आल्या असतील, लोटलेलं दार बघून सवयीनं कडी घातली असेल. माझ्या कानात हेडफोन होता, मला ऐकू आलं नाही. मी खिडकीशी गेले. खाली अंगणात अव्वा आणि त्यांच्या नात्यातली एक पाहुणी कॉटवर बसल्या होत्या, मध्ये शेवेची ताटली. मी हाक मारली.

"अव्वा, दार उघडा. कडी लागलीय."

कुणी वर बघितलं नाही. मी मोठ्यानं ओरडले. दार उघडा, अव्वा, मी आत आहे. तेव्हा पाहुणीनं मान वर केली आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. अव्वांनीही वर बघितलं, थेट खिडकीकडं, माझ्याकडं. आणि त्या जे बोलल्या ते मला पहिल्यांदाच पूर्ण, शब्दन्‌शब्द कळलं.

सून आहे, त्या म्हणाल्या. कन्नड शिकतेय.

छान म्हणते, पाहुणी म्हणाली.

मी गज धरून उभी राहिले. मी मराठीत ओरडत होते. माझे ओठ, माझी जीभ मराठीच शब्द बोलत होती, याची मला खातरी होती. मग त्यांना काय ऐकू येत होतं? मी तोंड बंद केलं. दात आवळून उभी राहिले.

हाक थांबली नाही.

"बागला तगीरि," माझ्या पाठीमागून. मोठ्यानं, स्पष्ट, खाली अंगणात जाईल अशी. "नीरु कोड्री."

पाहुणी हसून मान हलवत होती.

मी वळले, अर्धीच. टेबलाखाली, डबा आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत, गुडघे पोटाशी घेऊन कुणीतरी बसलं होतं. मला दिसला तो एक पाय. टाच भेगाळलेली, मातीच्या रंगाची, बोटात जोडवं सैल झालेलं. पाय किंचित हलला, आपल्याला बघितलंय हे कळल्यावर माणूस हलतो तसा.

पायाच्या वर मी नजर नेली नाही. परत खिडकीकडं तोंड केलं, कपाळ गजांना लावलं आणि तशीच उभी राहिले. पाऊस आला, अव्वा आणि पाहुणी आत गेल्या, पाऊस थांबला. सगळा वेळ ती माझ्या मागं म्हणत होती. जसजसा उजेड उतरला तसतसा आवाज बारीक होत गेला.

८

नंदीशनं कडी काढली तेव्हा वीज आली होती. मी त्याच्या अंगावरूनच बाहेर पडले. त्यानं विचारलं नाही, की तू आत का होतीस, किती वेळ होतीस. एवढंच म्हणाला, "अव्वा म्हणली, पाठ चालला व्हता तुझा."

मी जिना उतरून खाली आले. अव्वांनी ताटं केली होती. मला वाढताना त्यांचा हात नेहमीपेक्षा मोकळा होता. पाहुणीनं कौतुक केलं होतं, त्या खुशीत होत्या.

"आता चांगलं म्हणायलीस," त्या म्हणाल्या. "पयलीला लई दिवस जमलंच न्हाय. शेवटी शेवटी मातर छान बोलायली. आमी जत्रंला निघालो तवा वरनं एकसारखी म्हणायली व्हती. मी तुज्या सासऱ्याला म्हणलं, म्हणू द्या, शिकायली. चार दिवसांनी आमी आलो तर..."

"अव्वा," नंदीश म्हणाला.

आवाज चढवला नव्हता त्यानं. अव्वा थांबल्या. ताकाची वाटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, आज मीठ कमी पडलंय. नंदीशनं मीठ घेतलं. दोघं जेवत राहिले. त्यांच्या तोंडावर पाप केल्याची खूण शोधत मी बराच वेळ बघत होते. मला तिथं काही दिसलं नाही. ती दोघं भुकेली होती आणि जेवत होती.

सकाळी मी पिशवी भरली. नंदीश दारात आला.

"कुठं?"

"ईटला."

तो बाजूला झाला. "तिथं कुणाला काय सांगत बसू नको," तो म्हणाला, आणि पुढचं अगदी समजावून, "तुझंच हसं होईल."

९

ईटला मी गेले नाही. धाराशिवला उतरले. एका खासगी शिकवणीत पोरांची हजेरी घ्यायचं आणि झेरॉक्स काढायचं काम मिळालं. एका म्हातारीच्या घरात खोली घेतली. खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, ती मी पहिल्याच दिवशी स्क्रू काढून फेकली. घरमालकीण रागावली.

पोलीस ठाण्यात जायला मला बरेच महिने लागले. तिथला माणूस सभ्य होता. त्यानं ऐकून घेतलं. सीडीचं मी सांगितलं नाही. कडीचं, जत्रेचं, दोन्हीकडं सांगितलेल्या दोन गोष्टींचं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही त्यांच्या कोण?"

नवऱ्याची पहिली बायको. आपल्याकडं तिला सवत म्हणतात. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, कुणी नाही.

"मग त्यांच्या माहेरच्या कुणाला तरी घेऊन या. भाऊ असेल तर भाऊ. इतक्या वर्षांपूर्वीचं आहे, घरच्यांची तक्रार असली तर काहीतरी हलेल."

बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभं राहून मी विरेशला फोन लावला. त्यानं ओळखलं. मी या वेळी काही राखून ठेवलं नाही. तुमची बहीण कुणाबरोबर गेली नाही, म्हटलं. ती त्या माडीवर होती. दार बाहेरून बंद होतं. ती हाका मारत होती आणि घरातल्यांनी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं, पण त्यांना वाटलं ती पाठ म्हणतेय. किंवा तसं वाटून घेतलं.

"काय हाका मारत व्हती?" त्यानं विचारलं.

मी कन्नडमध्ये सांगितलं. तोंडात तेच आधी आलं.

"त्याचा मराठीत अर्थ सांगा."

"पाणी द्या. दार उघडा. मला गावाला जायचंय."

पलीकडं दुकानातले आवाज येत होते. कुणीतरी गुळाचा भाव विचारत होतं. विरेश इतका वेळ गप्प राहिला, की मला वाटलं तो रडत असेल, आणि मी वाट बघत उभी राहिले. मग तो बोलला, सावकाश, हिशेब लावून झाल्यावर माणूस बोलतो तसा.

"आमच्या उमाला कन्नड येत नव्हतं, ताई," तो म्हणाला. "ती दुसरी कुणीतरी आसंल."

आणि त्यानं फोन ठेवला.